तुझ्या पर्समधली सुपारी

मंदा, तू सुपारी खात होतीस का?

एवढं सांग आणि मग खुशाल जा. बाकी तुझ्यामागे लोक जे जे बोलले ते मी निमूट ऐकून घेतलं. बाई प्रेमळ होती, शाळेतल्या पोरांवर जीव टाकत होती, चेहऱ्यावर शेवटपर्यंत समाधान होतं. सगळं मान्य. पण ही सुपारीची गोष्ट माझ्या डोक्यातून जाता जात नव्हती.

तू गेलीस त्या दिवशी बायका तुझी ओटी भरायला बसल्या होत्या. सवाष्ण गेलीस म्हणून हिरवा चुडा भरला, हिरवं पातळ नेसवलं, कपाळभर कुंकू लावलं. तांदूळ आले, हळकुंड आलं, खोबऱ्याची वाटी आली आणि सुपारीपाशी गाडं अडलं. देवघरातल्या डब्यातल्या साऱ्या सुपाऱ्या पोखरलेल्या निघाल्या. किडकी सुपारी ओटीत चालत नाही म्हणे. तेवढ्यात आपली सोनू तुझी ती निळी पर्स घेऊन आली आणि आतल्या चेनच्या कप्प्यातून तिनं एक सुपारी काढली. अख्खी, गुळगुळीत, आपल्या बाजारातल्यापेक्षा जराशी लांबट.

“बाबा, आई सुपारी खात होती?”

“तुह्या मायनं उभ्या जन्मात बडीशेप तोंडात टाकली नाही,” मी म्हणालो.

“मंग हे पर्समधी कायले ठेवत होती?”

सुपारी ओटीत गेली, ओटी तुझ्या पदरात बांधली, आणि तू निघालीस. नेहमीसारखी, मला मागे ठेवून.

सुपारीचं आणि तुझं तर वाकडं होतं. हे घर बांधलं तेव्हाची गोष्ट. वास्तुपूजनाचा मुहूर्त काढला, मांडव पडला, पाहुण्यांना निरोप गेले, आणि तुला निवडणुकीची ड्युटी लागली, तीही घाटंजीकडच्या कुठल्याशा गावात. मास्तरीणबाईंची ड्युटी काही केल्या रद्द होईना. मुहूर्तही हलेना. शेवटी गुरुजींनी माझ्या उजव्या हाताला, तुझ्या पाटावर, एक सुपारी ठेवली. तिला हळदकुंकू वाहिलं, फूल वाहिलं, आणि मी त्या सुपारीशेजारी बसून आपल्या घराची पूजा केली. दुसऱ्या दिवशी तू धुळीनं माखून आलीस, दारातच चपला झटकल्यास आणि पाटाकडे पाहिलंस.

“हे कोण?”

“तू,” मी म्हणालो.

तू कमरेवर हात ठेवून त्या सुपारीकडे जरा वेळ पाहत राहिलीस. मग म्हणालीस, “बरी बायको भेटली तुम्हाले. बोलत नाही.”

पाहुणे खो खो हसले. तू मात्र ती सुपारी उचललीस, पदरानं पुसलीस आणि तुझ्या कपाटात टाकलीस. “ही सवत माह्याजवळच राहू द्या, नजरेसमोर असलेली बरी.” त्यानंतर कितीतरी वर्षं, माझ्याकडून काही काम व्हायचं राहिलं की तू म्हणायचीस, त्या सुपारीले सांगा, ते करते. अशी सुपारीवर डूख धरणारी बाई पर्समध्ये सुपारी घेऊन फिरत होती, आणि मला त्याचा पत्ता नव्हता. माझा संशय सरळ तुझ्या त्या सहलींवर गेला. घराबाहेर तू कोण होतीस, हे मला कधी नीट कळलंच नव्हतं.

तुझ्या पायाला भिंगरी लावली ती प्रज्ञा मॅडमनी. तुम्ही दोघी एका शाळेत, एका टेबलावर डबे उघडणाऱ्या. त्यांचं घर बौद्ध. त्यांच्याकडची मंडळी दरवर्षी मिळून बुद्धाच्या गावांना जातात, हे तू मला नोकरीभर ऐकवत होतीस. तू स्वतः वर्षानुवर्षं पोरांना नालंदा शिकवलंस, पुस्तकातल्या अंगठ्याएवढ्या चित्रावर बोट ठेवून. निवृत्त झालीस आणि मॅडम म्हणाल्या, आता तरी डोळ्यानं पाहा. सारनाथ, नालंदा, श्रावस्ती, कुशीनगर, लुंबिनी. भर जानेवारीत.

तू मला विचारलं नव्हतंस असं मी म्हणणार नाही. जेवताना विचारलंस.

“तुम्हीबी चला नं.”

“जानेवारीत?”

“मंग काय उन्हाळ्यात जाता तिकडे?”

माझा धंदा तुला नव्यानं समजावून सांगायची गरज नव्हती. कापूस विकला जातो, हातात पैसा येतो, शोरूममधून नव्या मोटरसायकली निघतात आणि त्या सरळ माझ्या दुकानापुढे येऊन उभ्या राहतात, सीटकव्हरसाठी. डिसेंबर-जानेवारी म्हणजे माझी सुगी. ती सोडून कोणी विटा पाहायला जातं का?

“आख्ख्या आर्णीत काय तुम्हीच सीटा शिवता?” तू विचारलंस.

“चांगल्या मीच शिवतो.”

हे मी आजही म्हणतो. तेव्हा चुकलो असं मला वाटत नाही. मला राग आहे तो वेगळाच. मी नाही म्हटल्यावर तू जराही हिरमुसली नाहीस. एकदा तरी म्हणायचंस, तुम्ही नाही तर मीही नाही. तू बॅग भरायला घेतलीस, आणि भरता भरता गुणगुणत होतीस.

परत आलीस ती वेगळीच बाई होऊन. मला वाटलं होतं थकशील, कुरकुरशील, पाय चेपून मागशील. तू चहा टाकता टाकता नालंदा सांगत होतीस. एकेका विद्यार्थ्याची खोली, झोपायला दगडी ओटा, दिव्याला एक कोनाडा. भिंती उरल्यात कमरेएवढ्या, पण कोनाडे शाबूत आहेत, कोनाड्यात हात घालून पाहिला, म्हणालीस. मी म्हणालो, पडक्या भिंतीच पाहायच्या तर आपली जुनी जिनिंग फॅक्टरी काय वाईट होती? ऑटोनं दहा रुपयांत झालं असतं. तू हसली नाहीस. “तुम्ही पाह्यलं असतं त बोलले नसते,” म्हणालीस. त्या वाक्यानं माझं डोकं फिरलं. घरात एकानं पाहिलेलं आणि एकानं न पाहिलेलं असं काही पहिल्यांदाच आलं होतं.

आणि कुशीनगर. तिथं बुद्ध उजव्या कुशीवर आडवा आहे, शेवटचा, सोनेरी, अंगावर चादर पांघरलेला. प्रज्ञा मॅडम म्हणाल्या की मंदाताई त्या चेहऱ्यापुढून उठायलाच तयार नव्हत्या, बस थांबवून ठेवावी लागली. निजलेल्या पुरुषाचा चेहरा इतका वेळ पाहत बसलीस! मी इतकी वर्षं तुझ्या शेजारी झोपलो, माझ्या चेहऱ्यापायी तू कुठली बस थांबवलीस? वर त्या गावाहून आलीस ती उजव्या कुशीवर झोपायला लागलीस. जग बुद्धापासून शांती घेतं, तू कूस घेतलीस. उजवी कूस म्हणजे माझ्याकडे पाठ. विचारलं तर म्हणालीस, अशानं श्वास बरा चालते. मला मात्र जळफळाट झाला, सरळ सांगतो. दगडाच्या मूर्तीचा हेवा करणारा माणूस जिल्ह्यात मी एकटाच असेन.

दुसरी वारी तर थेट लंकेची. हे कळलं तेव्हा दुकानात नुसती जत्रा. “बाई लंकेत गेली? मंग आता माकडं जमवा भाऊ, पूल बांधा!” बंजारा तांड्यावरचे एक नायकबुवा नातवाची गाडी घेऊन आले होते. गादीवर हात फिरवत म्हणाले, “आमचे बाप-दादे बैलावर मीठ लादून मुलूखभर हिंडले भाऊ, पण बाईमाणूस संगंच राहे. तुमच्यात उलटंच झालं. बाई हिंडून राह्यली न माणूस घरी शिवून राह्यला.” मी त्यांच्या गाडीला टाका जरा जास्तच ओढून घातला.

अनुराधापूरहून तुझा एक फोन आला होता. भर दुपारी, दुकानात गर्दी असताना.

“जेवले का?”

“जेवलो.”

“बरे हा ना?”

“मले काय झालं?”

“छातीत-बितीत काही दुखत नाही ना?”

“मंदा, इथं गिऱ्हाईक उभं आहे. तू आपले दगड पाह्य.”

“बरं,” तू म्हणालीस आणि हसलीस. मागे प्रज्ञा मॅडमचंही हसू ऐकू आलं. दोघी मिळून कोणाला तरी हसत होतात आणि तो कोणीतरी मीच असणार, एवढं मला कळलं. फोन ठेवल्यावर मी रेक्झिन उलट्या बाजूनं कापलं. त्या फोनबद्दल मी तुला नंतर कधी विचारलं नाही, तूही काही बोलली नाहीस.

आलीस आणि पुन्हा तेच, चहा आणि लंका. पांढरेशुभ्र स्तूप, टेकडीएवढे. पांढऱ्या कपड्यांतली माणसं, हातात कमळं, तापलेल्या दगडांवर अनवाणी. देवळाच्या पायरीपाशी अर्ध्या चंद्रासारखा एक दगड, त्यावर हत्ती, घोडा, सिंह आणि बैल कोरलेले, त्याला चंद्रशिला म्हणतात. सगळे तिच्यावर पाय ठेवून चढतात. तू चढली नाहीस. “बैलावर पाय कसा ठेवू? पोळ्याले त्याच्याच पाया पडतो न आपण.” बाजूच्या मातीतून, कठड्याला धरून चढलीस म्हणे. पुढं पोलोन्नरुवाला गेलात तर तिथल्या शिलेवर बैलच नाही. गाईडनं सांगितलं की नंतरच्या लोकांनाही तुझ्यासारखंच वाटलं, बैलावर पाय नको, म्हणून त्यांनी तो कोरायचंच सोडलं. हे सांगताना तू इतकी खूश होतीस की जशी काही तुझीच माहेरची माणसं तिथं निघाली. मी ऐकत होतो आणि मनात म्हणत होतो, ही खुशी माझ्या घरातली नाही, ही बाहेरून आली आहे.

पांढरी साडीही आणलीस तिथून. पौर्णिमेला नेसलीस तेव्हा मी म्हणालो, “मी जित्ता आहे अजून.” तू म्हणालीस, “माहीत आहे. सकाळपासून तीनदा चहा मागून झाला तुमचा.”

एक भांडण मात्र आपलं अर्धंच राहिलं, ते आज मिटवून टाकू. पोलोन्नरुवाचा तो फोटो. आख्ख्या खडकात कोरलेला बुद्ध, इथंही उजव्या कुशीवर, आणि त्याच्या उशाशी उभा असलेला एक उंच माणूस, दोन्ही हात छातीवर दुमडलेले. हा कोण, मी विचारलं. तू म्हणालीस, कोणी म्हणतात हासुद्धा बुद्धच, आणि कोणी म्हणतात हा त्याचा शिष्य, आनंद, गुरू गेला म्हणून दुःखात उभा आहे.

“दुःखात कुठं? हाताची घडी पाह्य. हा त रुसला आहे,” मी म्हणालो.

“हो बाप्पा. तुमच्यासारखाच.”

“मी कायले रुसू?”

“ते तुम्हीच सांगा.”

मी टीव्ही लावला. तू फोन बंद करून आत गेलीस.

तर ऐक. तू गेलीस त्या दिवशी तुला अंगणात ठेवलं होतं आणि मी तुझ्या उशाशी उभा होतो. रडू येत नव्हतं. हातांचं काय करावं ते कळेना म्हणून मी ते छातीवर दुमडून धरले. प्रज्ञा मॅडम आल्या आणि तुझ्याजवळ कोसळल्या. आलेल्या बायका आधी त्यांच्याजवळ गेल्या, त्यांच्या पाठीवरून हात फिरवू लागल्या. नवरा इथं उभा होता! मग मॅडमनी तुझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “कुशीनगरच्या मूर्तीसारख्या दिसून राह्यल्या वो ताई.” सगळ्यांनी माना डोलावल्या. मी कुशीनगर पाहिलं नव्हतं. माझ्याच बायकोचा शेवटचा चेहरा कसा दिसतो हे मला दुसऱ्या बाईकडून कळत होतं. तो खडकातला माणूस आनंदच आहे, मंदा, तुझं खरं. पण तो रुसलेलाच आहे, हे माझंही खरं.

तेरवी झाली, सोनू तिच्या घरी यवतमाळला गेली, आणि प्रज्ञा मॅडम एका संध्याकाळी आल्या. डब्यात भाकरी आणि ठेचा घेऊन, तुझ्या हातचा नसलेला. इकडचं तिकडचं बोलणं झालं. मला राहवेना.

“मॅडम, एक विचारतो. राग मानू नका. मंदा तुमच्यासंगं गेली की सुपारी खात होती का?”

मॅडम हसायला लागल्या. हसता हसता चष्मा काढला आणि पदर डोळ्यांना लावला.

“भाऊ, तुम्हाले त्यायनं सांगितलंच नाही?”

“काय सांगायचं?”

मग त्यांनी फोन काढला. सारनाथचा फोटो. मागे तो मोठा विटांचा स्तूप, पुढे एका बुटक्या भिंतीवर तू बसलेली, ऊन डोळ्यावर आलं म्हणून कपाळाला आठ्या. हा फोटो मी आधी पाहिलेला होता. “आता ताईच्या डाव्या बाजूले पाहा,” त्या म्हणाल्या. मी चष्मा लावला. मॅडमनी दोन बोटांनी फोटो मोठा केला. तुझ्या डाव्या हाताला, विटेवर, एक सुपारी होती.

“मी विचारलं, ताई हे काय? त म्हणाल्या, हे आमचे हे. म्हणाल्या, आमच्या वास्तूले मी नव्हती तवा यायनं माह्या जागी हेच सुपारी बसवली होती. आता हे नाहीत त यायच्या जागी मी बसवली. हिसाब बरोबर.”

कपाटातली ती सवत. तिला तू मी करून नेलंस. पूजेत बायकोच्या डाव्या हाताला नवरा बसतो, तर तिथंही तू मला डावीकडेच बसवलंस. नालंदाच्या फोटोत कोनाड्यात दिव्याच्या जागी होतो मी. श्रावस्तीला झाडाखाली. कुशीनगरला आत काही ठेवू देत नाहीत, तर तुझ्या मुठीत होतो म्हणे, सगळा वेळ. म्हणजे ज्या चेहऱ्यावरून मी जळफळलो, तो चेहरा मी पाहून आलेलो होतो. हे सगळे फोटो तू मला टीव्हीवर लावून दाखवलेस, मंदा, आणि एका शब्दानं बोलली नाहीस. मला दिसतंय का ते पाहत होतीस ना? मला दिसलं नाही. माझं लक्ष तुझ्या हसण्याकडे होतं.

“आन् मंग अनुराधापूरले घोटाळा झाला,” मॅडम म्हणाल्या.

पांढऱ्या स्तूपाजवळच्या कट्ट्यावर तुम्ही दोघी बसला होतात. सुपारी नेहमीप्रमाणे तुझ्या डाव्या बाजूला. तिथली एक म्हातारी, पांढऱ्या कपड्यातली, कनवटीला पानाची पिशवी लावलेली, येऊन नेमकी त्या बाजूला टेकली. तिनं सुपारी पाहिली, तुझ्याकडे पाहिलं. तिकडे पानसुपारी पुढं करणं म्हणजे मान देणं असतं. परदेशातली बाई आपल्याला मान देते आहे असं वाटून तिनं तुला हात जोडले, सुपारी उचलली, पिशवीतून अडकित्ता काढला आणि कातरली. तू ‘अवो, अवो’ करत राहिलीस, तिला मराठी कुठून कळणार? एक खांड तिनं पानात गुंडाळून तोंडात टाकलं आणि दुसरं, तसंच पानात गुंडाळून, प्रेमानं तुझ्या हातावर ठेवलं. ती समोर पाहत होती. तिचा मान ठेवायचा म्हणून तू ते खाल्लंस.

“खाल्ल्यावर ताईच्या ध्यानात आलं. मले म्हणे, मॅडम, नवऱ्याले खाल्लं वो मी! आम्ही दोघी इतक्या हसलो, इतक्या हसलो की पहारेकरी पाहाले लागला. आन् एकदम त्या हसायच्या थांबल्या. तोंड पांढरं पडलं. म्हणे, फोन लावा. घरी फोन लावा आधी.”

जेवले का. बरे हा ना. छातीत-बितीत काही दुखत नाही ना.

पोरांना शाळेत विज्ञानही शिकवणारी बाई तू, मांजर आडवं गेलं तरी न थांबणारी, आणि एका सुपारीपायी घाबरलीस. आणि मी म्हणालो, तू आपले दगड पाह्य. तू हसलीस ती मी धडधाकट आहे, खेकसतो आहे, म्हणून हसलीस. तोंडात माझंच खांड धरून.

मी मॅडमना म्हणालो, कित्येक वर्षांची वाळलेली सुपारी ती, त्या म्हातारीच्या दातांची कमाल आहे. मॅडम म्हणाल्या, “मंग देवळाबाहेर पानवाली बसली होती, तिच्यापासून ताईनं दुसरी घेतली. म्हणे, जागा खाली ठेवायची नाही. तेच मंग पोलोन्नरुवाले होती. ते पर्समधीच असन पाहा, कुठं टाकली नसन त्यायनं.”

पर्समध्येच होती. अख्खी, गुळगुळीत, आपल्या बाजारातल्यापेक्षा जराशी लांबट. मी मॅडमना सांगितलं ती कुठं गेली ते. त्यांनी तोंडाला पदर लावला. पदराआडूनच म्हणाल्या, “म्हणजे भाऊ, शेवटच्या वाटेवरबी त्यायनं तुम्हाले संगंच नेलं.”

लोकांना हे ऐकून बरं वाटेल. सोनूला मी फोनवर सांगितलं तर ती रडली आणि म्हणाली, बाबा, किती छान. छान काय? मला नेलं म्हणतात, तर मी इथं भाकरीचा डबा घासत कसा बसलो आहे? ती पहिली सुपारी निदान आपल्या घरची होती, आधी तू होती, मग मी झाली. ही दुसरी कोण कुठली, लंकेची, रस्त्यावरून घेतलेली. तिनं पोलोन्नरुवा पाहिलं, तुझ्याबरोबर विमानात बसली, तुझ्या पर्समध्ये रुमालाशेजारी राहिली, आणि शेवटी तुझ्या पदरात बांधून तुझ्याबरोबर गेली. मी घाटावरून परत आलो, आंघोळ केली, आणि लोकांनी दिलेलं कडुनिंबाचं कडू पाणी प्यालो. हेवा वाटतो मला तिचा, मंदा. बुद्धाचा वाटला नव्हता इतका वाटतो. आणि तुझे उपकारही वाटतात, की जागा तू कधी खाली ठेवली नाहीस. दोन्ही एकदम वाटतं, त्याला मी काय करू?

जाताना मॅडम दारात थांबल्या. “लुंबिनी आमची राह्यलीच त्या वेळी. यंदा जाऊन राह्यलो. ताईचं नाव मी घालून ठेवलं होतं. भाऊ, तुम्ही चला.”

“कधी?”

“जानेवारीत.”

मी सीझनचं बोललो नाही. पाहू, म्हणालो. त्या गेल्यावर बसून हिशोब लावला, तुला कुठं बसवावं लागेल. माझ्या उजव्या हाताला. गुरुजींनी बसवली होती तिथंच.

काल बाजाराचा दिवस होता. मसाल्यावालीच्या पथारीवर सुपाऱ्यांचा ढीग होता. मी खाली बसलो आणि निवडायला लागलो. पोखरलेली नको, फार लहान नको. एक चांगली मिळाली, ती मी कानाशी नेऊन हलवून पाहिली. मग दुसरी. मग तिसरी.

ती बाई हसायला लागली. “काका, नारळ होय का तो? सुपारी कुठी बोलते का?”

नाही बोलत, बाई. मला माहीत आहे. तरी एक घेतली.